अस्थिविलय

काचेच्या त्या इवल्या कुपीत जे होतं ते पहिल्या नजरेला मला लापशी रव्यासारखं वाटलं. पांढरट, थोडं पिवळसर, कोरडं ठणठणीत. डॉक्टरांनी कुपी कलती केली तसे कण एका अंगाला घरंगळले आणि काचेवर अगदी बारीक आवाज झाला. "काकू, बघायचं होतं ना तुम्हाला? हेच ते." डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मी चष्मा कपाळावर सरकवून कुपी डोळ्यांजवळ नेली. एकेक कण अर्ध्या ते एक मिलिमीटरचा. सगळं मिळून चमचाभरसुद्धा नाही. लेबलवर टिश्यू बँकेचं नाव, एक क्रमांक, वापरायची मुदत. माणसाचं नाव कुठेच नव्हतं.

ते हाड होतं. कुणाचं तरी.

वरची डावीकडची पहिली मोठी दाढ मी चौदा वर्षांपूर्वी काढून टाकली. तेव्हा हातात पैसा नव्हता, शाळेतून रजा मिळत नव्हती, आणि एक दाढ गेल्यानं काय बिघडतं असं मानणाऱ्या घरातली मी. जखम आठ-दहा दिवसांत भरली. जीभ काही दिवस त्या रिकाम्या जागेशी जाऊन येत राहिली, मग तीही विसरली. आत काय चाललंय ते कळायला मार्गच नव्हता. दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. ते दाताबरोबर येतं, दाताचा भार झेलतं. मुळापासून हाडात शिरलेले बारीक तंतू प्रत्येक घासाला त्याला ओढत असतात. ती ओढ थांबली की हाड आवरतं घ्यायला लागतं. हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे आपली घडण बदलतं, हे बर्लिनचे शल्यवैद्य युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये लिहून ठेवलं आहे. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची जवळजवळ निम्मी रुंदी जाते, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या तीनच महिन्यांत.

अण्णा, माझे वडील, म्हणायचे, ओढ्याकाठचं झाड तोडलं की दोन पावसाळ्यांत काठ ढासळतो. माझ्या जबड्यात तसंच झालं होतं. वरच्या दाढांच्या मुळांच्या डोक्यावर, गालाच्या आत, सायनसची पोकळी असते. मुळं गेल्यावर ती वर्षानुवर्षं थोडी थोडी खाली उतरत आली. समोरची खालची दाढ जागा मोकळी बघून वर सरकली. मी सगळं उजवीकडून चावत राहिले, तेव्हा उजवीकडच्या दाढा ठणकायला लागल्या. शेवटी स्कॅन काढला. पडद्यावर डॉक्टरांनी दोन रेघा ओढून मधलं अंतर मोजलं. चार मिलिमीटर. नव्या दाढेसाठी खुंटी ठोकायची तर भिंत करंगळीच्या निम्म्यानंही जाड नाही. आधी भिंत वाढवायला हवी होती.

"ग्राफ्ट घालावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

ग्राफ्ट म्हणजे कलम. हा शब्द आमच्या घरातलाच. अण्णा निफाडकडे द्राक्षबागांत कलमं बांधायचे. डॉगरीजच्या रानटी खुंटावर चांगल्या वाणाची काडी. खुंटाला चिरायचं, काडीला पाचरीसारखा काप द्यायचा, साल सालीला मिळेल अशी बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायचं. कापलेली काडी सुकू नये म्हणून ते ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत. दोन्हीकडं ओल पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ओल म्हणजे जीव. मेलेली काडी बांधून कलम होत नाही.

आणि इथे कुपीतले कण तर खडखडीत वाळलेले. मग हे कसलं कलम? या प्रश्नानं माझा पिच्छा वर्षभर सोडला नाही. लिहायला बसले आहे तीही त्याच्याचसाठी.

कुठलं हाड घालायचं हे मला निवडायचं होतं. सगळ्यांत चांगलं अजूनही आपलं स्वतःचं मानतात. हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून काढायचं, म्हणजे आणखी एक जखम. पण त्यात जिवंत पेशी असतात, ते अण्णांच्या अर्थानं कलम. दुसरं, कॅल्शियम फॉस्फेटपासून कारखान्यात केलेलं. तिसऱ्याशी आल्यावर डॉक्टरांनी आवाज जरा खाली आणला. "काकू, गाईबैलांच्या हाडापासून केलेलंही येतं. जगभर खूप वापरतात. तुम्हाला चालणार आहे का, हे विचारावं लागतं." त्यांनी विचारलं याचं मला फार बरं वाटलं. कुणाच्या तोंडात काय ठेवायचं हे न विचारता ठरवू नये.

त्या हाडातली सगळी प्रथिनं उष्णतेनं आणि रसायनांनी काढून टाकतात. उरतो तो फक्त खनिजाचा सांगाडा, छिद्राछिद्रांचा, आपल्या हाडासारखाच. शरीर त्याच्यावर नवं हाड रचतं, पण त्याला स्वतःला सहजासहजी विरघळवत नाही. कित्येक वर्षांनी पाहिलं तरी त्याचे कण नव्या हाडात जसेच्या तसे सापडतात, बांधकामात राहून गेलेल्या जुन्या विटांसारखे. यात शरीराचं काही बिघडत नाही. उलट आकार टिकतो म्हणून कित्येक डॉक्टर तेच पसंत करतात. मी नको म्हटलं, ते किळस म्हणून नव्हे. आमचा म्हातारा बैल अण्णांनी बांधावर पुरला होता, आणि त्या जागी त्यांनी कधी नांगर घातला नाही. माझा नकार तिथून आला.

असा नकार जुनाच आहे. अ‍ॅम्स्टरडॅमचे शल्यवैद्य योब फान मेकरेन यांच्या १६६८ च्या ग्रंथात एका सरदाराची हकिकत आहे. तलवारीच्या वारानं त्याच्या कवटीला भोक पडलं, आणि शल्यवैद्यानं कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून ते बुजवलं. माणूस वाचला. पण जनावराचं हाड अंगात आहे म्हणून चर्चनं त्याला बाहेर काढलं, आणि त्यानं तो तुकडा काढून टाका अशी विनवणी केली. हाडांच्या रोपणाची ही सर्वांत जुनी नोंद म्हणून डॉक्टरमंडळी सांगतात. मला त्यातला तो बिचारा माणूस दिसत राहतो. शरीरानं घेतलेलं आणि समाजानं न घेतलेलं डोक्यात वागवणारा.

चौथं होतं माणसाचं. दुसऱ्या माणसाचं. हाडांच्या बँकांकडे हाड दोन वाटांनी येतं. कुणी गेल्यावर घरच्यांनी दिलेलं, नाहीतर खुब्याचा सांधा बदलताना काढलेलं मांडीच्या हाडाचं डोकं, जे एरवी फेकूनच दिलं असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी टिश्यू बँक आहे. दात्याच्या रक्ताच्या तपासण्या होतात. हाड धुऊन त्यातली चरबी, मज्जा, पेशी काढतात, गोठवून त्यातलं पाणी उडवतात, बारीक करतात आणि कुपीत बंद करून गॅमा किरणांखाली ठेवतात. मात्रा साधारण २५ किलोग्रे, म्हणजे २५ हजार ग्रे. जिवंत माणसाला पाच ग्रेसुद्धा जीवघेणे ठरू शकतात. एवढ्या अग्नीतून गेलेलं ते हाड. त्यात ओळखण्याजोगं काही शिल्लक राहत नाही, म्हणून रक्तगट जुळवावा लागत नाही, मूत्रपिंडाच्या रोपणासारखी आयुष्यभराची औषधं लागत नाहीत.

मी घरी आले आणि आत्याला सांगितलं. आत्या अण्णांची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, माझ्याकडेच असते. तिनं गव्हातले खडे वेचणारं बोट थांबवलं.

"कुणाचं गं?"

"ते सांगत नाहीत, आत्या."

"नुसतं नाव तरी? दिवा लावताना घेतलं असतं."

"नावही नाही. आणि गेलेल्याच माणसाचं असेल असंही नाही. कदाचित जिवंत असेल कुणी, मांडीचं ऑपरेशन झालेलं."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जिवंत असेल तर त्याला आयुष्य मागू. नसेल तर सर्वपित्रीला घास ठेवू. आता काय असेल ते असो, दोन्ही करू."

अण्णांच्या अस्थी मीच सावडल्या होत्या. मला भाऊ नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गावच्या स्मशानात राखेवर दूध-पाणी शिंपडलं तेव्हा वाफ आली. तीन दिवसांनीही आत ऊब होती. हाताला लागतील तसे तुकडे मी मडक्यात ठेवत गेले. हाड जळाल्यावर इतकं हलकं होतं याची मला कल्पना नव्हती. त्यात एक दाताचं मूळ सापडलं, करडं, तडे गेलेलं. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगताना दातांनाही हाडांतच धरलं आहे, रुचक अस्थी म्हणून. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं, तरी मी ते मूळ हाडांतच ठेवलं. मग नाशिकला रामकुंडावर आलो. तिथे अस्थिविलय तीर्थ आहे. त्या पाण्यात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. मी मडकं रिकामं केलं आणि पाण्याकडे बघत उभी राहिले. मला खरोखर बघायचं होतं, विरघळतात का. मागून लोक येत होते, गुरुजी घाई करत होते.

अण्णांचं काही देता आलं असतं हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या कुठल्यातरी घरात कुणाच्यातरी मनात आलं. त्या घरानं एका कागदावर सही केली. त्यांचा माणूस असा कुपीकुपीतून कुठे कुठे गेला असेल, हे त्यांना कधीच कळणार नाही. मला ते घर दिसतं. दारात चपलांचा ढीग, आत कुणीतरी डोळे पुसत पेन मागतंय.

ऑपरेशन लगेच झालं नाही. माझी तीन महिन्यांची साखर साडेआठ निघाली. डॉक्टरांनी फाईल मिटवली. "सातच्या आत आणा, मग बघू. साखर जास्त असली की जखमेत नव्या रक्तवाहिन्या नीट येत नाहीत. रक्त पोचलं नाही तर हाड होत नाही." मी चार महिने चालले, भात सोडला, गोळ्यांच्या वेळा पाळल्या. रोज पहाटे गोदेकाठी चालताना वाटायचं, पाहुणा येणार म्हणून घर सारवून घेतो आहोत. ६.८ आली तेव्हा फेब्रुवारी लागला होता.

त्या दिवशी आधी माझ्या दंडातून रक्त काढलं. नळ्या एका यंत्रात गरगर फिरल्या आणि बाहेर आल्या तेव्हा रक्ताचे थर पडले होते. तळाशी लाल, वर पिवळट पाणी, आणि मधे फिकट पिवळा, जेलीसारखा थरथरता गोळा. ही रक्तानं स्वतःच विणलेली जाळी. ती रीत २००१ मध्ये जोसेफ शुक्रून या फ्रेंच डॉक्टरांनी आणली. त्या गोळ्याचे बारीक तुकडे करून कुपीतल्या कणांत कालवले, आणि कोरडा रवा पाकात पडावा तसा तो सगळा ऐवज एकजीव होऊन चिमट्याला चिकटून उचलता येऊ लागला. त्याचं मला दिसलेलं शेवटचं रूप ते. पांढऱ्यावर माझ्या रक्ताचा लालसर रंग चढलेला.

भूल दिली होती. दुखलं नाही, पण कवटीत घुमणारा बारीक कंप जाणवत होता. हिरडी बाजूला करून गालाच्या बाजूच्या हाडाला त्यांनी एक छोटी खिडकी पाडली. तिच्या आत सायनसचा पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तो फाटू न देता हळूहळू वर उचलायचा आणि त्याच्याखाली जी जागा होईल तिथे कण भरायचे. मधेच डॉक्टर थांबल्या आणि मदतनीस मुलीला हळू आवाजात म्हणाल्या, "बघ, श्वासाबरोबर हलतोय. म्हणजे शाबूत आहे." मी डोळे मिटून घेतले होते. माझ्या श्वासाबरोबर माझ्याच आत काहीतरी वर-खाली होतं आहे आणि दोन माणसं ते बघताहेत. मी श्वास अगदी सावकाश घ्यायला लागले.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायचं. सगळा भार त्या पापुद्र्यावर. मी उशीवर उशी ठेवून बसल्यासारखी झोपायचे. गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. रात्री जाग आली की आत काय चाललं असेल याचा विचार करत पडायचे. डॉक्टरांना विचारून, मुलीकडून वाचायला घेऊन, मी ते बरंचसं समजून घेतलं होतं, आणि समजून घेतलेल्याची रात्री वेगळीच चित्रं होत.

पहिल्या काही मिनिटांतच रक्त कणांच्या फटींत शिरून गोठतं. काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली फौज येते, जंतू शोधते आणि थोडक्या दिवसांत मरून जाते. मग येतात मॅक्रोफेज. मला यांच्याविषयी विशेष वाटतं, कारण पुढचं सगळं त्यांच्या पारखीवर ठरतं. त्या कणाला भिडून तो काय आहे हे चाचपतात. अण्णांच्या टाचेत एकदा बाभळीचा काटा मोडला होता. तो निघाला नाही, पिकलाही नाही. शरीरानं त्याच्याभोवती कठीण गाठ करून त्याला कोंडून टाकलं, आणि तो तिथे कित्येक वर्षं होता. परक्या वस्तूशी वागण्याची शरीराची ती एक रीत आहे. मारता येत नाही, काढता येत नाही, तर भिंत घालून वेगळं ठेवायचं. माझ्या कणांचंही तसं होऊ शकलं असतं. जंतू शिरले असते, कण हलत राहिले असते, रक्त पोचलं नसतं, तर त्यांच्याभोवती हाडाऐवजी नुसतं तंतूंचं जाळं झालं असतं. असं होतं काहींचं.

पण सगळं ठीक असलं तर मॅक्रोफेजची चाल बदलते. आधी झुंजणाऱ्या त्या पेशी आता दुरुस्तीचे निरोप सोडायला लागतात. कडेच्या जिवंत हाडातून केसाहून बारीक रक्तवाहिन्या अंकुरासारख्या आत शिरतात. हाड त्यांच्या मागून येतं, पुढे कधीच नाही. म्हणून सायनसच्या तळाकडून, भिंतींकडून आधी हाड होतं आणि ढिगाच्या मध्याला सगळ्यांत शेवटी. रक्तवाहिन्यांबरोबर हाड रचणाऱ्या पेशी येतात, परक्या कणाच्या अंगावर ओळीनं बसतात आणि मऊ गर सोडतात. तो गर नंतर खनिज भरून घट्ट होतो. पहिलं हाड घाईचं असतं, धागे कसेही टाकलेलं. पुढे महिनोन् महिने ते उसवून नीट थरांनी पुन्हा विणलं जातं.

म्हणजे ते कण परांचीसारखे. गवंडी उभा राहतो तो परांचीवर, भिंत त्याची त्यानं बांधायची. मी बरेच दिवस या शब्दावर थांबले होते. पण परांची काम झाल्यावर कुणीतरी बाहेरून सोडून नेतं, आणि ती भिंतीला काही सांगत नाही. हे कण सांगतात.

ते कळलं १९६५ मध्ये. मार्शल युरिस्ट या अमेरिकन डॉक्टरांनी हाडातलं खनिज आम्लानं काढून टाकलं आणि उरलेला मऊ भाग सशांच्या, उंदरांच्या स्नायूंत ठेवला. स्नायूंत, जिथे हाडाचा संबंध नाही. काही आठवड्यांनी तिथे नवं हाड झालेलं होतं. मेलेल्या हाडानं मांसातल्या जिवंत पेशींना हाड व्हायला लावलं होतं. ज्या प्रथिनामुळे हे होतं त्याला पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन असं नाव पडलं. हाडात ते अगदी किंचित असतं, खनिजाखाली दडलेलं.

हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्या तोंडून मोठ्यानं शब्द निघाला, विरजण! आमच्या चाळीत कुणाचं दही संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं. चमचाभर विरजण कुणाच्याही घरचं चालायचं. जात-पात बघणारी माणसंसुद्धा विरजण आणायची, आणि सकाळी लागलेलं दही आपल्याच घरचं असायचं. माझ्या जबड्यात कुणीतरी चमचाभर विरजण लावलं होतं. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे, पण प्रत्येक विरजण सारखं नसतं काकू. दात्याचं वय जास्त असलं तर ती ताकद कमी असते. वेगवेगळ्या बँकांच्या, वेगवेगळ्या खेपांच्या हाडांत फरक पडतो. काही कणांत ती जवळजवळ नसतेच. म्हणून मी तुम्हाला दोन प्रकारचं मिसळून घातलंय, खनिज काढलेलं आणि खनिज ठेवलेलं."

शिवाय विरजणात जीव असतो. या कणांत तो नाही. आहे तो निरोप, सांगणारा गेल्यानंतरही पोचलेला.

आणि निरोप पोचवून ते कण राहतही नाहीत. रक्तातूनच आलेल्या काही पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते. ती कणाला घट्ट चिकटते आणि आपल्या अंगाखाली आम्ल सोडून त्याला विरघळवते. तिच्या मागून रचणाऱ्या पेशी येऊन तो खळगा भरतात. थोडं विरघळवायचं, थोडं रचायचं. हे काही परक्या हाडासाठी खास नाही. आपल्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी असाच जुना जाऊन नवा होतो. अण्णांच्या ज्या अस्थी मी मडक्यात ठेवल्या त्याही त्यांच्या हयातीत कितीदा तरी विरघळून पुन्हा झालेल्या. रामकुंडाच्या काठावर जे बघायला मी थांबले होते, ते इथे उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्या माझ्या गालाच्या आत चाललं होतं, अगदी सावकाश, आणि मागून कुणी घाई करत नव्हतं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. पितृपक्षात सर्वपित्रीला आत्यानं पानावर एक घास जास्त ठेवला. नाव न घेता हात जोडले. मग देवापुढे बसून, जिवंत असला तर त्याचा पाय बरा राहू दे, असंही ती पुटपुटली.

ऑक्टोबरात स्क्रू बसवायचा होता. टायटॅनियमचा. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक कुपी बसवून रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाडाशी एक होऊन गेलेली. त्यांनी १९६५ मध्ये, युरिस्टांचा शोध छापून आला त्याच वर्षी, योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले असे खुंट बसवले, आणि ते २००६ मध्ये लार्सन वारले तोवर टिकले. हाड टायटॅनियमला विरघळवू शकत नाही. त्याला बिलगून राहतं, इतकंच.

स्क्रूसाठी भोक पाडावंच लागतं. ते हाड तापू न देता, कारण ४७ अंशांच्या वर मिनिटभर गेलं तरी पेशी मरतात. डॉक्टर दंतमहाविद्यालयात शिकवतात. त्यांनी विचारलं, भोक पाडताना साध्या ड्रिलऐवजी पोकळ नळीचा वापरला तर आतला हाडाचा दांडा अख्खा निघेल, तो तपासायला घेऊ का? नाहीतरी ते हाड वायाच जातं. मी म्हटलं, घ्या, पण मला दाखवा.

तो दांडा मी पाहिला. काडेपेटीतल्या काडीएवढा जाड, बोटाच्या पेराएवढाही लांब नाही, ओला, लालसर. फेब्रुवारीत तिथे हवा होती.

त्याची काच तयार व्हायला दोन महिने लागले. आधी त्यातलं खनिज काढून तो मऊ करायचा, मग मेणात बसवून पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, मग रंगवायचे. डिसेंबरातल्या एका दुपारी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि भिंग जुळवून दिलं.

सगळीकडे गुलाबी. त्यात फिकट गुलाबी बेटं आणि त्यांना वेढून गडद गुलाबी जमीन. "आता बारकाईनं बघा," बाई म्हणाल्या. "हाडाच्या पेशी हाडातच छोट्या खोबणीत राहतात. जिथे पेशी जिवंत होत्या, तिथे खोबणीत निळा ठिपका दिसेल."

मी बघितलं आणि मला आमचं गावचं घर आठवलं. मातीच्या जाड भिंती, भिंतींत कोनाडे, तिन्हीसांजेला प्रत्येक कोनाड्यात पणती. गडद भागातल्या जवळजवळ प्रत्येक कोनाड्यात निळा ठिपका होता. फिकट बेटांवरही तसेच कोनाडे होते, त्याच आकाराचे, तशाच ओळींत, पण सगळे रिकामे. त्या घरातली माणसं केव्हाच उठून गेलेली.

आणि दोन्हींच्या मधे फट नव्हती. मी शोधली. रिकाम्या कोनाड्यांच्या भिंतीला टेकूनच नवी भिंत उभी होती. एका बेटाची कड चावल्यासारखी वाटोळी वाटोळी खाल्लेली होती, आणि त्या प्रत्येक खळग्यात माझं हाड भरलेलं होतं. शेजारीच एक रक्तवाहिनी आडवी कापली गेली होती, आत दोन-तीन रक्तपेशींसकट. बाई मागे उभ्या होत्या. त्यांना पुढचं काम असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. मी त्या फिकट बेटांतल्या एका मोठ्या बेटाचे कोनाडे मोजायला लागले. सव्वीसपर्यंत मोजले, मग डोळ्यात पाणी आलं आणि चुकले.

फेब्रुवारीत वर दाढ बसली. पहिल्या दिवशी मी भाकरीचा तुकडा मोडून डावीकडे ठेवला. चौदा वर्षांनी त्या बाजूला घास गेला. आत्या समोर बसून बघत होती.

"अजून आहे का तो आत?" तिनं विचारलं.

"आहे, आत्या. थोडा. आणखी काही वर्षं असेल."

"मग सावकाश चाव."